आजारी मैत्रिणीचा डबा

मैत्रिणीला आज मारून टाकायचं, असं नर्सबाईंनी पाठीवर तरंगता तरंगता ठरवलं.

दुसरा इलाजच नव्हता. तलावाच्या काठावर तो डबा दिसत होता. स्टीलचा, टॉवेलात गुंडाळलेला. आत नवऱ्यानं केलेलं गरम सूप. तेही अशा बाईसाठी, जी कधी जन्मालाच आली नव्हती.

भानगड सुरू झाली सहा महिन्यांपूर्वी. पस्तीस वर्षं वॉर्डात उभं राहून नर्सबाई निवृत्त झाल्या. नवरा छापखान्यात प्रूफं तपासायचा, तो वर्षभर आधीच घरी बसला होता. बसला म्हणजे बसलाच. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर पेपर, हातात लाल पेन्सिल. पेपरातल्या चुकांभोवती गोल काढायचा आणि बायकोची वाट बघायचा. तिची नोकरी संपली त्या दिवशी त्यानं शेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. वर नवी उशी.

"संपली गं तुझी धावपळ," म्हणाला. "आता दोघं निवांत बसू."

नर्सबाई नऊ दिवस बसल्या. दहाव्या दिवशी त्यांना वाटलं, आता उठले नाही तर खुर्चीला पालवी फुटेल आणि मला मुळं. पण त्या उशीकडे बघून खरं सांगवेना. तोंडातून निघून गेलं, "अहो, माझी एक जुनी मैत्रीण आजारी आहे. जरा बघून येते." आणि तडक गेल्या पोहायला शिकायला.

पहिल्या दिवशी अर्धा तलाव पिऊन आल्या. तीन महिन्यांत अशा तयार झाल्या, की मासेच काय ते शिकवणी लावायचे बाकी राहिले.

मैत्रिणीची तब्येत मात्र ढासळत गेली. रोज जायला कारण नको? आधी न्यूमोनिया झाला. मग मांडीचं हाड मोडलं. मग कावीळ. नर्सबाईंनी हात आखडता घेतला नाही. ताप किती, नाडी किती, सगळं आकड्यानिशी सांगायच्या. खरी बाई असती तर तीनदा मेली असती, ही चिवट निघाली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. नर्सबाईंच्या कपाळी पोहायची टोपी होती, म्हणून निभावलं.

आणि एका सकाळी नवरा खुर्चीतून उठला.

"त्या बिचारीच्या तोंडाची चव गेली असेल," म्हणाला आणि स्वयंपाकघरात शिरला. चहाचं पातेलं कुठलं ते ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानं भाज्या चिरल्या, बोट कापलं, पट्टी बांधून घेतली आणि डबा भरला. पहिलं सूप इतकं खारट, की समुद्रानंसुद्धा तोंड वाकडं केलं असतं. तलावावरच्या बायकांनी हसत हसत ते कुंडीत ओतलं. कुंडीतलं झाड दोन दिवसांत गेलं.

नर्सबाई हसल्या नाहीत. कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि घरी पाऊल टाकलं की प्रश्न, "खाल्लं का तिनं? काय म्हणाली?"

"मीठ जरा कमी चालेल म्हणाली," नर्सबाई पायाकडे बघत सांगायच्या. तो मान डोलवायचा आणि लाल पेन्सिलीनं लिहून ठेवायचा.

पाण्यात त्या पिसासारख्या हलक्या असायच्या आणि घरी आल्या की दगड. आपण मजेत डुंबतोय आणि हा तीन बोटांना पट्ट्या बांधून कोणासाठी राबतोय? काल तर तो कोवळ्या गाजरांसाठी बाजारात दोन फेऱ्या मारून आला. गुडघा धरून जिना चढला.

म्हणून आज त्या पाण्याबाहेर आल्या, केस खसाखसा पुसले, चेहरा पाडला आणि घरी गेल्या. नवरा गॅसपाशी उभा होता. पळीनं उद्यासाठी नवं सूप ढवळत होता.

"अहो, ती गेली."

"कोण?"

"मैत्रीण. दुपारी. झोपेतच."

त्यानं गॅस बारीक केला. "कशानं?"

"हृदय बंद पडलं."

"हृदय तर ठणठणीत होतं. गेल्या मंगळवारी तूच म्हणालीस." तो ढवळतच राहिला. "आणि पाय आधी डावा मोडला होता. आठवड्यानं उजवा झाला."

नर्सबाई मटकन स्टुलावर बसल्या. पस्तीस वर्षांत वॉर्डात रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या. "खोटं बोलले हो मी. ती नाहीच. मी पोहायला जाते. तुम्ही इथे एकटे बसलेले, आणि मी..."

"माहीत आहे. आजाऱ्याला भेटून येणाऱ्या बाईचे केस रोज ओले नसतात."

"मग बोलला का नाहीत? चाळीस वर्षं कोणाचा एक स्वल्पविराम सोडला नाहीत तुम्ही!"

त्यानं गॅस बंद केला. नर्सबाईंनी डोळे पुसून खिडकीकडे पाहिलं. एका खुर्चीवर गाजरांची टोपली होती. दुसरीवर, नव्या उशीवर, वाळत घातलेले दोन एप्रन. त्या खुर्च्यांवर कोणी बसलं त्याला किती दिवस झाले, हे त्यांना आठवेना.

नवऱ्यानं पळी फुंकून त्यांच्या तोंडाशी धरली. "चाख."

त्यांनी चाखलं. आणखी एकदा चाखलं.

"तिला इतक्यात मारू नकोस गं," तो म्हणाला. "आत्ता कुठे माझं मीठ बरोबर पडायला लागलंय."