खुणेची बाटली

पडद्यामागून बन्सी पँट सावरत बाहेर आला. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून डब्यात टाकले आणि विचारलं, "डाग उठायच्या आदल्या दिवशी काय काय खाल्लं होतं?"

"खाण्याचं काय घेऊन बसलात मॅडम," त्याची बायको रत्नमाला म्हणाली, "हे कुठं गेले होते ते विचारा."

अकरा महिने हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. नवरा वाळूजचा माल टेम्पोत भरून सुरतेला नेतो, आणि परत आला की दोन दिवसांत त्याच्या लिंगावर, दरवेळी त्याच जागी, रुपयाएवढा काळाजांभळा डाग उठतो. आग होते, चिघळतो, मग खपली धरते. यात समजायचं राहिलंच काय? रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तिनं ते कागद बघितलेसुद्धा नाहीत. त्याचं ताट वेगळं केलं, साबण वेगळा, टॉवेल वेगळा. पाण्याच्या बाटलीला लाल नेलपॉलिशची खूण केली. सहा वर्षांची संस्कृती चुकून बापाला शिवली तर तिला साबणानं हात धुवायला लावायची. शपथ घ्या म्हणायची, आणि बन्सी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला गेला की पोरीला हात लावू नका म्हणून किंचाळायची. आता माणसानं शपथ घ्यायची तरी कशी?

आज इथं, क्रांती चौकातल्या दवाखान्यात आणलं होतं तेही तिच्या भावानं अट घातली म्हणून. कातडीच्या डॉक्टरचं लेखी आणा, मग रविवारी तिच्या माहेरी, पिशोरला बैठक आणि सोडचिठ्ठी. पोरगी आईकडं राहणार. बापानं तोंडसुद्धा बघायचं नाही.

रत्नमालानं पर्समधून कॅलेंडरची फाडलेली पानं काढून टेबलावर मांडली. "सगळं लिहून ठेवलंय मी. गोल केलाय त्या सुरतेच्या फेऱ्या. फुली म्हणजे डाग."

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. "या दोन फेऱ्यांना फुली नाही."

"तेव्हा भ्याले असतील."

"आणि हे ठिकठिकाणी 'पोट' काय लिहिलंय?"

"हाटेलात खाऊन पोट बिघडतं ह्यांचं. जुलाब लागले की कामावर दांडी पडते, म्हणून लिहिते."

बाईंचं बोट पानांवरून फिरू लागलं. जिथं 'पोट', तिथं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुली. बाकी कुठंच नाही. "पोट बिघडलं की काय देता?"

"गोळी. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला देतो. लगेच गुण येतो बघा." पाकीट पर्समध्येच होतं. तिनं ते काढून दाखवलं.

"सुरतेला न जाता कधी डाग उठला होता का?"

इतका वेळ बन्सी फरशीकडं बघत होता. आता त्यानं मान वर केली, पण बाईंकडं नाही, बायकोकडं बघितलं. "पिशोरला. तुझ्या चुलतभावाच्या हळदीला. तीन दिवस तुझ्या माहेरच्या ओट्यावर बसून व्हतो मी. पोट बिघडलं तर गोळी तूच दिली व्हती. त्याची फुली नाय मारली तू."

रत्नमाला पानांवर हळदीची तारीख शोधू लागली.

"ह्यांना ही गोळी सोसत नाही," डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "घेतली की त्याच जागी डाग उठतो. कुणाला ओठावर येतो, कुणाला हातावर, ह्यांना तिथं. हा कुणाकडून आणलेला रोग नाही आणि ह्यांच्यापासून कुणाला लागणारही नाही. गोळी बंद करा, डाग उठायचा थांबेल. तुमचं कॅलेंडर नसतं तर मला इतक्या लवकर कळलं नसतं."

जिना उतरायच्या आधीच रत्नमालाला रडू फुटलं. "मला काय ठाऊक हो? मेडिकलवाल्यानं दिली, मी तुम्हाला दिली. वाईट व्हावं म्हणून दिली का मी?"

"गोळीचं नाय म्हणत मी," बन्सी म्हणाला. "गोळीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं तर तुला ठाऊक व्हतं ना?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "चुकलं माझं. लई चुकलं. दादाला आत्ताच फोन करते. रविवारी कुणी बसायचं नाही म्हणून सांगते."

"सांग. पण अकरा महिने पिशोरात घरोघरी सांगून झालंय. कुणाकुणाला वाचून दाखवशील ही चिठ्ठी?"

जिन्याजवळच्या बाकावर संस्कृती पाय हलवत बसली होती. तिला तहान लागली होती. बन्सीनं पिशवीत हात घातला, हाताला लागली ती बाटली काढली आणि झाकण उघडून पोरीच्या हातात दिली. खुणेकडं त्याचं लक्षच गेलं नाही.

पोरीचं गेलं. तिनं लाल ठिपका बघितला, बाटली न सांडता बाकावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडं पळाली. टाचा उंच करून तिनं नळ सोडला. साबण लावला, बोटांच्या मधूनसुद्धा चोळला.

मग परत आली आणि दोन्ही ओले हात तिनं आईसमोर धरले.

"मम्मी, बघ. आज न सांगता धुतले."