सालाखालची खूण

नाणं हातरुमालात गुंडाळून गौरीच्या पर्समध्ये होतं, आणि सासरे चष्म्याची काच बदलून घरी यायच्या आत ते पुन्हा डबीत जायला हवं होतं.

घोळ काल झाला. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सासूबाई, अलकाताई, म्हणाल्या, "पूजेची नाणी घासून ठेव गं." ईशानशी लग्न झाल्यानंतरची गौरीची बसवनगुडीतल्या सासरी ही पहिलीच दिवाळी, उत्साह नुसता उतू जात होता. कपाटात तिला एका मखमली डबीत पाच रुपयांचं चकचकीत नाणं सापडलं. देवीपुढे हेच शोभेल, असं वाटून तिने तेही चिंच-मीठ लावून काथ्याने खसाखसा घासलं.

धुऊन पाहते तर चकाकी गायब आणि ओरखडेच ओरखडे. मग तिने डबीच्या झाकणावरचा मजकूर वाचला. ते प्रूफ नाणं होतं. संग्राहकांसाठी टांकसाळीत वेगळं, निगुतीने पाडलेलं. तिने ते गुपचूप डबीत परत ठेवलं.

सासऱ्यांचा, निवृत्त इंजिनिअर अरविंदरावांचा, त्या नाण्यावर फार जीव. स्वतःसुद्धा ते कधी मधोमध धरायचे नाहीत, कडेनेच उचलायचे. दर पाडव्याला पाहुणे जमले की डबी उघडायची, भिंग लावायचं आणि कौतुक सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता.

आज पाडवा होता. सकाळीच त्यांनी डबी काढली. चष्म्याची डावी काच तडकलेली, म्हणून त्यांनी चष्मा काढून नाणं डोळ्यांजवळ धरलं. गौरी दाराआडून पाहत होती.

"छे, चष्म्याशिवाय काही खरं नाही," ते पुटपुटले. डबी जागेवर ठेवून म्हणाले, "काच बदलून येतो." आणि निघाले.

त्यांची पाठ वळताच नाणं रुमालात बांधून गौरी इंदिरानगरची मेट्रो पकडायला धावली.

नाण्यांच्या दुकानातला बसवंत मूळचा निपाणीकडचा, मराठी बोलणारा. गौरीने रुमाल सोडला. "असंच दुसरं हवंय. काय किंमत असेल ती देते."

त्याने भिंग लावलं. "घासलंय न्हवं?"

"हो."

"प्रूफ घासलं की संपलं, अक्का. त्याची जमीन आरशागत असते, वरचं चित्र दुधाळ. एकदा ओरखडा उठला की ते काय परत येत न्हाई."

गौरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सासऱ्यांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. त्यांना आता तोंड कसं दाखवायचं?

"रडू नका. स्वल्प थांबा." बसवंतने भिंग तिच्या हातात दिलं. "सालाखाली काय दिसतंय बघा."

"बारीकशी चौकट आहे. पत्त्यातली असते तशी."

"मुंबईच्या टांकसाळीचं प्रूफ असतं तर तिथं इंग्रजी एम असता. चौकट म्हंजे साधं, वापरातलं नाणं. चकाकी घासून जाते, खूण जात न्हाई. तुमच्या हातनं काय बी बिघडलं न्हाई."

गौरीच्या तोंडून असा काही "हुश्श" निघाला की बसवंतला हसू फुटलं. म्हणजे सासऱ्यांना कुणीतरी पूर्वीच फसवलं होतं. वाईटच झालं, पण ते पाप तिच्या माथी नव्हतं.

"मग असं साधंच एखादं कोरं द्या ना, डबीत ठेवायला."

"ह्या सालाचं शेवटचं होतं, मघाशीच गेलं. प्रूफ मागणारे रगड. साधं कोरं मागायला एक म्हातारे अज्जा तेवढे मधनंमधनं येतात."

गौरीचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. तेच नाणं रुमालात गुंडाळून ती घराकडे निघाली.

नाणं डबीत ठेवत असतानाच अलकाताईंनी तिला पकडलं. गौरीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. चिंच, काथ्या, बसवंत, चौकट.

अलकाताई पलंगावर टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी कुंकवाच्या करंड्याच्या तळातून एक नाणं काढलं. तेही पाच रुपयांचं, ओरखड्यांनी भरलेलं. "बघ सालाखाली."

एम होता.

"ईशान बालवाडीत होता तेव्हा. हीच दिवाळी आणि हीच चिंच," त्या म्हणाल्या. "नशीब, तशीच साधी नाणीही निघाली होती. बँकेतून एक कोरं आणलं आणि ठेवलं डबीत. यांना अजून पत्ता नाही."

"इतकी वर्षं? बाबा तर भिंग लावतात!"

"भिंग नाण्यावर असतं, पण डोळे पाहुण्यांच्या तोंडाकडे." अलकाताईंनी करंडा बंद केला. "एक मात्र नवल आहे हं. घरातली सगळी भांडी काळवंडतात, पण ते साधं नाणं आपलं होतं तसंच. देवीची कृपा, दुसरं काय."

अरविंदराव परतले ते तडकलेल्या काचेसह. "पाडव्याचं दुकान बंद," एवढंच म्हणाले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी पाहुणे जमले. अरविंदरावांनी डबी उघडली, भिंग लावलं. "बघा, आरसा आहे आरसा! हे बाजारात मिळायचं नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. अलकाताईंनी गौरीचा हात दाबला. गौरीला इतकं हलकं वाटलं की तिने दोन करंज्या जास्तच खाल्ल्या.

पाहुणे निघाले. अलकाताई त्यांना पोचवायला खाली गेल्या. गौरी कप विसळत होती, तेवढ्यात अरविंदराव स्वयंपाकघरात आले. आधी दाराकडे एक नजर टाकली, मग खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. आत पाच रुपयांचं कोरं करकरीत नाणं होतं. सालाखाली बारीकशी चौकट.

"तुझ्या सासूबाई वर यायच्या आत हे डबीत ठेव, आणि तू घासलेलं मला दे," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं असंच बदलून बदलून मी तिचं नाणं काळं पडू दिलेलं नाही, पडलं असतं तर बिचारीची चोरी पकडली गेली असती."