परवडणारा ढिगारा

खाणीमागच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्याला अखेर भाव आला. कंपनीच्या साहेबांनी वस्तीला बोलावून समजावलं, "या दगडांत अडकलेलं तांबं आता सूक्ष्मजीव सोडवून देतील. भट्टी नको, धूर नको. आणि हे कामगार पगारवाढही मागत नाहीत!" लोक हसले. साहेब त्यांच्याहून जास्त हसले.

मागून एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे सगळा ढिगारा उपसणार?"

"अगदी तळापर्यंत, मावशी. आता परवडतं ना!"

"मग तळाशी जरा यंत्रं थांबवा, साहेब, हातांनी काढा. ढिगारा कोसळला तेव्हा कंपनी म्हणाली होती, उपसणं परवडत नाही. माझा लेक अजून खालीच आहे."