शॉनाच्या खांद्यावरचा पंजा

अंधारात अंगाची ऊब टिपणारी, मित्र ग्लेनची नवी दुर्बीण बंदुकीवर चढवताना डॅरिलचा जीव जळत होता. चांगलं ते नेमकं ग्लेनकडेच असायचं, आणि डॅरिलची बायको शॉना हल्ली नवऱ्यासमोरच ग्लेनचं कौतुक करायची.

कोकरं फाडणाऱ्या रानडुकरांसाठी दोघं ट्रकमध्ये दबा धरून होते.

“लेका, नळी घराकडे कशाला वळवतोस?” ग्लेन म्हणाला.

दुर्बिणीत शॉना व्हरांड्यात अंगाच्या उबेने पांढरी दिसत होती. तिच्या खांद्यावर त्याहून पांढरा, पाच बोटांचा पंजा उमटला होता. कुणाच्याही हाताची ऊब कपड्यावर मिनिटभरच टिकते.

“तिला कधी भेटलास?”

“डोकं फिरलंय? संध्याकाळपासून तुझ्या शेजारीच बसलोय की!” ग्लेनच्या दोन्ही हातांत चहाचा मग होता.

पंजा विझला नाही. उलट उजळला. शॉनाने मान कलती करून त्यावर गाल टेकवला. डॅरिलच्या हातावर तिने असा गाल टेकवून वर्षं झाली होती.

मग पंजा तिच्या खांद्यावरून नाहीसा झाला आणि फाटकावर उमटला. नंतर कुंपणाच्या खांबावर. नंतर त्याच्या अलीकडच्या.

मग डॅरिलच्या खांद्याला ऊब लागली.