बुरुजावरचा मेहुणा

जुन्या वास्तूंचे फोटो काढत फिरणारा तो फोटोग्राफर या वेळी एकटाच घरी परतला. बुरुजाची उंची फोटोत कळावी म्हणून त्याने सोबत आलेल्या मेहुण्याला दटावून पडक्या कठड्यावर उभं केलं होतं, आणि तो खाली कोसळून मेला होता. बायकोला मात्र त्याने एवढंच सांगितलं, "पाय घसरला त्याचा."

अपघातानंतर एकट्याने टिपलेल्या वास्तूंच्या निगेटिव्हच्या काचा तो अंधाऱ्या खोलीत धुऊ लागला. बायकोने लाल कंदील धरला.

पहिल्या काचेवर घुमट उमटला आणि घुमटाच्या टोकाशी मेहुणा. दुसरीवर तो पायऱ्या उतरत होता. तिसरीवर अगदी समोर उभा राहून त्याने बोट रोखलं होतं.

"दादा कुणावर बोट रोखतोय?"

नवऱ्याने ती काच घाईने पालथी घातली.

बायकोने शांतपणे दाराला आतून कडी घातली.

"आता पुढची काच धुवा," ती म्हणाली.