काही लागलं तर

परीक्षकबाईंनी बोलावलं तसा तो पुढे झाला, बूट काढले आणि सरळ पलंगावर जाऊन आडवा झाला. चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. डोळेही मिटले.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग दाराशी थांबलेल्या वर्गातल्या दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"अहो आजोबा, उठा! आज तुमची परीक्षा आहे, पेशंटची नाही!"

तो ताडकन उठून बसला. कानशिलं तापली. सवय अशी नडते. म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला शिकवणारा परदेशातला हा वर्ग. शिकायची रीतच अशी, की एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं त्याचं सगळं करायचं, मग अदलाबदल. नाना देशांतून आलेल्या त्या पोरांत पेशंट व्हायला कुणी राजी नसायचं. हा मात्र कायम तयार. अदलाबदल करायची वेळ आली, की "तू कर अजून एकदा" म्हणून पुन्हा आडवा. पंचविशीही न गाठलेल्या मुलाला वर्गानं 'आजोबा' करून टाकलं होतं.

सगळ्यांना वाटायचं, स्वारी आळशी आहे. त्यानंही ते वाटू दिलं. एकदा खोलीवर गेलं की दुसऱ्या सकाळपर्यंत माणसाचा शब्द कानावर पडत नाही, आणि "आज कसं वाटतंय?" म्हणून खांद्यावर कुणी हात ठेवतं ते फक्त या पलंगावर, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आळशी म्हटलेलं परवडलं.

उशाशी बेलचं बटण असायचं. दाबलं की बाहेर दारावरचा लाल दिवा लागायचा. तो ते उगाचच दाबायचा. उशी वर करा, उशी खाली करा. शिकवणाऱ्या बाई वैतागायच्या. "कारण नसताना बेल वाजवायची नाही! शेजारच्या खोलीत कुणाचा जीव जात असला म्हणजे?"

आता मात्र गंमत संपली होती. पास झाला तर वृद्धाश्रमातली नोकरी पक्की, नापास झाला तर गाशा गुंडाळून घरी. आणि घरी वडिलांनी साऱ्या भावकीला आधीच सांगून ठेवलं होतं, की मुलगा परदेशात मोठ्या पदावर लागतोय. कसलं पद, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि यानंही सांगितलं नव्हतं.

"मग पेशंट कोण?" परीक्षकबाईंनी विचारलं. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या होत्या. हा एकटा उरला होता.

"मी होते पेशंट," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

झालं, आगीतून फुफाट्यात. बाई म्हणजे कडक काम. चादरीला एक सुरकुती दिसली तर अख्खा पलंग पुन्हा घालायला लावायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, संध्याकाळी सगळे गेल्यावर कुलूप लावून निघायच्या. बाईंना घर आहे की नाही, यावर पोरं पैजा लावायची.

बाई चपला एका रेषेत काढून ठेवून पलंगावर निजल्या. त्यानं आधी हात धुतले. हा पहिला नियम. दुसरा नियम, सांगितल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही.

"बाई, तुमचा हात हातात घेतोय. चालेल ना?"

बाईंचा हात गार होता. त्यानं तो थोडा वेळ धरूनच ठेवला. मग डोक्यावरचा दिवा त्यानं मालवला. तो डोळ्यांत खुपतो हे पुस्तकात नव्हतं, पण पलंगावर इतके दिवस काढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मानेखालची उशी सारखी केली. विचारून बाईंचा अंबाडा सोडला आणि हलक्या हातानं केस विंचरले.

"आज कसं वाटतंय?"

एरवी चूक काढायला टपलेल्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या. परीक्षकबाईंनी मान वर केली.

"बरं वाटतंय," बाई म्हणाल्या. वर्गातला तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

शेवटचा नियम बेलचा. त्यानं बटण बाईंच्या मुठीत दिलं. "काही लागलं तर हे दाबा. मी आहे." हे वाक्य त्यानं पलंगावरून कितीदा ऐकलं होतं. म्हणणारा पाठ केलेलं म्हणतोय हे ठाऊक असूनही त्याला दर वेळी ते खरं वाटायचं.

"पास," परीक्षकबाई उठत म्हणाल्या. "फक्त नोकरीवर गेल्यावर पलंगावर पेशंटलाच झोपू दे."

बाहेर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. बस चुकेल म्हणून एकेक जण पळाला. परीक्षकबाईही गेल्या. बोळकांडीत तो एकटा राहिला. घरी कळवायला त्यानं फोन काढला, तेवढ्यात बेल वाजली. दारावरचा दिवा लाल झाला.

तो धावत आत गेला. बाई तशाच पडून होत्या. केस मोकळे, मुठीत बटण.

"काय झालं बाई? काही हवंय?"

"काही नको रे." बाई छताकडे बघत होत्या. "कुणी येतं का, तेवढंच बघत होते."

फोन खिशात टाकून त्यानं हात धुतले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसला.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा हात हातात घेतोय. चालेल ना?"