दुसरी डिस्क

लेकीने पाठवलेली हार्ड डिस्क बाबांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये जोडली खरी, पण ती काही केल्या दिसेना. आठवडाभर लेक फोनवर डोकं खाजवत राहिली.

“बाबा, केबल घट्ट बसलीय ना?”

“अगं, जन्मभर वायरमन होतो मी!”

“मग दिसत कशी नाही?”

“कुणास ठाऊक.”

शेवटी रजा टाकून ती आलीच. कॉम्प्युटर सुरू केला आणि चक्रावली. पडद्यावर दोन्ही डिस्क ठळक दिसत होत्या.

“बाबा, ही काय, समोरच तर आहे!”

“कुठंय?”

तिने पडद्यावर बोट टेकवलं. बाबांनी चाचपत तिचं मनगट शोधलं, त्यावरून हात सरकवत तिच्या बोटाच्या टोकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “तू म्हणतेस, तर असेल.”